रेघेत सोडलेलं दार

रेघभाऊ स्वतः ओढलेली चुन्याची रेघ कधी ओलांडत नसत. प्लॉट मोकळा, पायाखाली गवत आणि ढेकळं, भिंत म्हणाल तर चार बोटं रुंदीची पांढरी रेघ. पण या माणसाला स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत जायचं असलं, तर रेघेत जिथे दारापुरती जागा मोकळी सोडली असेल तिथूनच जाणार. पहिल्या दिवशी मी सरळ टांग टाकून पलीकडे गेले, तर डाफरले माझ्यावर. "सिस्टरबाई, भिंतीतून काऊन जाऊन राह्यल्या? दार इकडं आहे ना जी." मी सरकारी दवाखान्यातली नर्स, डॉक्टरांशीही हुज्जत घालणारी, पण मुकाट मागे फिरले आणि दारातून आले.

त्यांचं खरं नाव कागदोपत्री वेगळं होतं, पण चंद्रपुरात ज्याला म्हणून घर बांधायचं होतं तो त्यांना रेघभाऊच म्हणे. महापालिकेसमोरच्या एका झेरॉक्सच्या दुकानाच्या ओट्यावर त्यांचं टेबल होतं. टेबलावर नकाशांच्या गुंडाळ्या, एक लाकडी पट्टी, आणि खाली चुन्याचा डबा. ते इंजिनिअर नव्हते. नकाशावर सही करायला परवानावाला इंजिनिअर वेगळा. रेघभाऊ आखणी करत आणि आमच्यासारख्या भांबावलेल्यांना समजावून सांगत. समजावून सांगितल्यावर माणूस आणखी भांबावतो हे त्यांना ठाऊक होतं, पण त्याला त्यांचा इलाज नव्हता.

मी त्यांच्याकडे गेले ती आईपायी. आमचं गाव धानोऱ्याकडचं, रानाला लागून. धानाचा भारा डोक्यावर घेऊन बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, पाळीवरून येताना आई पडली आणि कमरेखालचं सगळं गेलं. माझी बदली चंद्रपूरला झाली तेव्हा मी तिला घेऊन आले. भाड्याची खोली मिळाली दुसऱ्या मजल्यावर. खाली न्यायचं तर शेजारचे दोघे-तिघे यायचे, खुर्चीसकट उचलायचे, आणि जिन्याच्या वळणावर प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणायचं, "सांभाळा, सांभाळा!" एक दिवस आईने सांगून टाकलं. "मी काय धानाचं पोतं आहो का वं? मले उचलू नका." त्यानंतर दीड वर्ष ती खाली उतरली नाही. खिडकीत बसून रस्त्यावरची माणसं मोजायची. जंगलात मोहफुलं वेचत दिवस दिवस फिरलेली बाई ती. मला ते बघवत नसे. म्हणून मी शहराच्या कडेला एक प्लॉट घेतला. तळमजल्याचं घर, आणि आईने आपल्या हातांनी चाकं फिरवत घराबाहेर पडायचं, एवढंच मला हवं होतं.

एवढंच! आता हसू येतं. सात-बारा काढला, तर म्हणाले अकृषक आदेश कुठे आहे. तो शोधला, तर मोजणीची प्रत आणा. ती आणली, तर झोन दाखला. झोन दाखला हातात पडला तेव्हा मला वाटलं, झालं बाई घर! पेढे घेऊन रेघभाऊंच्या ओट्यावर गेले. त्यांनी एक पेढा तोंडात टाकला, दाखला वाचला आणि म्हणाले, "चांगलं आहे. पण."

हे "पण" त्यांचं ठरलेलं होतं. काहीही विचारा, उत्तर "आहे. पण." इथे बांधता येईल का? "येते. पण." गच्चीला जिना बाहेरून घेता येईल का? "घेता येते. पण." त्या "पण"नंतर ते चष्मा पुसायचे, आणि त्या अवधीत माझा जीव टांगणीला लागायचा. एकदा मी वैतागून म्हटलं, "भाऊ, एकदा तरी नुसतं आहे म्हणा." ते म्हणाले, "म्हणतो ना बाप्पा. आहे." आणि चष्मा पुसायला लागले.

त्यांनी माझ्यासमोर शहराचा नकाशा पसरला. "हा पिवळा पट्टा पाहा. थो राहाचा. हिरवा शेतीचा. तुमचा प्लॉट पिवळ्यात आहे, म्हणजे घराले चालते." मी सुस्कारा सोडला. मग त्यांनी नदीच्या अंगाने जाणाऱ्या दोन रेघा दाखवल्या, एक निळी आणि एक लाल. निळ्या रेघेच्या आत, नदीकडे, कुणी काही बांधायचं नाही. निळीच्या आणि लालच्या मधे बांधायचं, पण जोतं उंच घ्यायचं, लाल रेघेपर्यंत पूर आला तरी घरात शिरू नये एवढं. आणि माझा प्लॉट बरोबर त्या दोघींच्या मधे. प्लॉट विकणाऱ्याने मला फक्त पिवळा दाखवला होता.

"मग परवानगी मिळेल की नाही?"

"मिळते. पण जोतं तीन फूट पायजे."

"घ्या की तीन फूट. मी कुठे नाही म्हणते?"

रेघभाऊंनी पट्टी खाली ठेवली. "सिस्टरबाई, तुमची माय तीन फूट चढणार कशी?"

दोन मजले नकोत म्हणून जमीन घेतली, आणि जमीन म्हणते, तीन फूट वर बांध. पायऱ्या आल्या, म्हणजे उचलणं आलं. म्हणजे पुन्हा ते "सांभाळा, सांभाळा". मला तिथेच ओट्यावर रडू आलं, झेरॉक्सवाला बघत होता तरी. रेघभाऊंनी समोरच्या टपरीवर चहाची खूण केली. "उतार करू," म्हणाले. "एक फूट चढाले बारा फूट लांबी. तीन फुटाले छत्तीस. बसवतो मी."

छत्तीस फुटांचा उतार तीस बाय पन्नासच्या प्लॉटवर बसवायचा, त्यातही चहूबाजूंनी नियमाने मोकळी जागा सोडायची! पुढून एवढी, बाजूने एवढी, मागून एवढी. त्या मोकळ्या जागेत उघडा उतार चालतो, वर छप्पर घातलं तर चालत नाही, असं काहीसं मला समजलं, आणि तेही बहुधा चुकीचंच समजलं असेल. रेघभाऊंनी उतार पुढून काढला, कोपऱ्यात पाच फुटांचा सपाट तुकडा ठेवला, तिथे वळवून घराच्या बाजूच्या सांदीतून वर नेला. त्यात माझी मागची खोली आखडली. त्या खोलीसाठी मी त्यांच्याशी आठ दिवस भांडले. माझी म्हणून एक खोली आयुष्यात पहिल्यांदा होणार होती ना! शेवटी त्यांनी विचारलं, "खोली मोठी पायजे का दार पायजे?" मला राग आला, पण खोली आखडली तशीच ठेवली.

नकाशा कागदावर पक्का करण्याआधी रेघभाऊ घर जमिनीवर काढत. माझ्यापुरतं एकदा काढून झालं होतं. एका रविवारी आईला ऑटोने प्लॉटवर आणलं. दीड वर्षांनी ती खाली उतरली, तीही "फक्त घरापायी उचलू देते" असं बजावून. रेघभाऊ चुन्याचा डबा घेऊन वाकले आणि तासाभरात पूर्ण घर पुन्हा उमटलं. सपरी म्हणजे ओसरी, पुढची खोली, स्वयंपाकघर, मोरी, आईची खोली. मी तिची खुर्ची ढकलत निघाले, ती विसरून पुन्हा थेट रेघेवरून. आई ओरडली, "अवं, भिंतीत कुठी घालून राह्यली मले! दारातून ने." रेघभाऊंनी वर पाहिलं आणि पहिल्यांदाच मोकळं हसले. त्या दोघांचं त्या क्षणी जमलं. मग दिवसभर आम्ही त्या घरात राहिलो. जेवणाचा डबा आणला होता तो स्वयंपाकघरात बसून खाल्ला. आईची खुर्ची मोरीपाशी वळत नव्हती, तेव्हा रेघभाऊंनी पायाने रेघ पुसली आणि भिंत मागे सारली. सगळी दारं मोजून तीन फुटांची केली. "कागदावर खुर्ची वळते. इथी वळाले पायजे," म्हणाले.

ही सवय कुठली, ते मी विचारलं होतं. रेघभाऊ मूळचे आरमोरीकडचे. पोरवयात झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवायचे. धान कापून झालं की मोकळ्या बांधीत मंच उभा राहायचा, तो आधी चुन्याने आखायचा. कुठून राजा येणार, कुठे विंग, सगळं रेघेने. "नट लोक दिवसा त्या रेघांत फिरून पाहात. रेघेवर पाय पडला का मालक शिव्या घाले," सांगत. पडद्यांवर त्यांनी कितीतरी वाडे रंगवले होते. चंद्रपूरला आल्यावर नकाशांच्या नकला काढायचं काम मिळालं, आणि मग हाच धंदा झाला.

त्याच रविवारी आमचा मिस्त्रीही प्लॉटवर आला होता, आणि त्याला हा उतार अजिबात पटला नव्हता. "छत्तीस फूट कायले वाया घालवता? वीस फुटांत चढवून देतो." रेघभाऊंनी दोन फळ्या वीस फुटांच्या हिशेबाने तिरप्या लावल्या, आईला चटईवर बसवून तिची खुर्ची घेतली आणि मिस्त्रीला म्हणाले, "बसा जी. हाताने चाकं फिरवा. पाय लावाचे नाई." मिस्त्री अंगापिंडाने चांगला दणकट. अर्ध्यात गेला, घामाघूम झाला, आणि खुर्ची सुरसुर मागे आली ती थेट शेजारच्या प्लॉटवरल्या विटांच्या ढिगात. आईला इतकं हसू आलं की मला पाणी आणावं लागलं. त्यानंतर छत्तीस फुटांबद्दल मिस्त्री एक शब्द बोलला नाही.

परवानगी मात्र सहज मिळाली नाही. अर्ज ऑनलाइन गेला, ऑनलाइन परत आला. त्रुटी अमुक, त्रुटी तमुक. पुढच्या मोकळ्या जागेत हे काय दाखवलंय, असा एक शेरा होता. मी दवाखान्यात ड्युटीवर मोबाईल उघडून ते वाचायचे आणि डोकं गरगरायचं. रेघभाऊंनी स्वतः महापालिकेत जाऊन साहेबांना नकाशा दाखवला, आई खुर्चीवरून कशी चढेल ते बोटाने दाखवलं. साहेब म्हणाले, "उताराची लांबी नकाशात लिहा, पुन्हा पाठवा." पुन्हा पाठवलं. मंजूर झालं. रेघभाऊंनी मला फोन केला, "सिस्टरबाई, आहे." मी वाट पाहिली. "पण?" त्यांनी फोन ठेवून दिला.

जोतं झाल्यावर ते पाण्याची नळी घेऊन आले. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या, मधे पारदर्शक नळीत पाणी. दोन्हीकडचं पाणी एका पातळीत थांबेपर्यंत त्यांनी मला हलू दिलं नाही. बरोबर निघालं. वास्तूच्या दिवशी आई पायथ्याशी थांबली, सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि एकटीने चाकं फिरवत निघाली. कोपऱ्यातल्या सपाट तुकड्यावर दम खाल्ला, वळली, वर गेली. वर पोचल्यावर म्हणाली, "आता मी रोज उतरते." आणि खरंच रोज संध्याकाळी उतरू लागली. भाजीवाली, शाळेतून येणारी पोरं, समोरची कुत्री, साऱ्यांची खबर तिच्याकडे.

वास्तूच्या जेवणाला मी रेघभाऊंना सहज म्हटलं, "आता तुमचं घर दाखवा. कधी बोलावलं नाही तुम्ही." त्यांनी ताटावरून मान वर केली नाही. "माहं घर नापास आहे," म्हणाले.

मला काही समजेना. हळूहळू काढून घेतलं. त्यांचं घर नदीच्या अंगाला, मातीच्या भिंतींचं, वर कवेलू म्हणजे कौलं. बायकोने आणि त्यांनी मिळून बांधलेलं, या रेघा यायच्या कितीतरी आधी. पुढे पुराच्या रेघांचा नकाशा तयार होत होता. मोजणीवाल्यांनी आकडे दिले, आणि त्यावरून साफ नक्कल काढायचं काम आलं कुणाकडे? रेघभाऊंकडे. निळी रेघ त्यांच्याच हातून ओढली गेली, आणि त्यांचं घर रेघेच्या नदीकडच्या बाजूला पडलं.

"किती आत?"

"कागदावर अर्धा मिलिमीटर."

"भैताड आहात का हो भाऊ! अर्धा मिलिमीटर! पेन्सिलीचं टोकसुद्धा त्याहून जाड असतं. सरकवायची होती!"

"अर्धा मिलिमीटर सरकवला असता जी. मंग शेजारचा म्हणाला असता माहंही सरकवा. आणि पाणी तं तिथूनच आलं असतं." बायकोलाही त्यांनी तेव्हा हेच सांगितलं होतं. ती चार दिवस बोलली नाही म्हणे. पुढे ती वारली, आणि रेघभाऊ त्याच घरात एकटे राहत राहिले. लोकांची घरं पास करून देणारा माणूस. त्यांना लाज वाटत होती की अभिमान, मला आजही सांगता येणार नाही. मला फक्त इतकं समजलं की त्यांनी कुणालाच कधी घरी का बोलावलं नाही.

दोन पावसाळे बरे गेले. तिसऱ्या वर्षी नदी चढली. सकाळचे दहा वाजले होते, मी घरातल्या वस्तू वर ठेवत होते, गल्लीत घोट्याएवढं पाणी आलं होतं. आई सपरीत होती. तिची हाक आली, "अवं, रेघभाऊ आले!" मी बाहेर येईपर्यंत तिने खुर्चीचा ब्रेक सोडला होता आणि उतारावरून थेट कोपऱ्यातल्या सपाट तुकड्यापर्यंत पोचली होती. खाली पाण्यात रेघभाऊ, हातगाडी ढकलत. गाडीवर प्लॅस्टिकमध्ये बांधलेल्या गुंडाळ्या. आई म्हणाली, "या वर भाऊ. चढ तुमचाच आहे." हातगाडी त्या छत्तीस फुटांवरून सुरळीत वर आली.

"कपडे कुठे आहेत? भांडी?" मी विचारलं.

"कपडे भिजले तं वाळते. लोकाइचे नकाशे वाळत नाई," म्हणाले. दिवसभर ते उताराच्या टोकाला बसून पाणी बघत राहिले. पाणी आईच्या त्या सपाट तुकड्याच्या वीतभर खाली आलं आणि थांबलं. घरात थेंब शिरला नाही. तिकडे त्यांचं घर बसलं होतं, हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं. आईने मला त्यांना जेवायला वाढायला लावलं, आणि एरवी भाजीला नावं ठेवणारे रेघभाऊ त्या दिवशी नुसते जेवले.

पाणी उतरलं. आरमोरीहून त्यांच्या मुलीचा फोन येत होता, इकडेच या म्हणून. शेवटी ते तयार झाले. नकाशे आमच्याकडेच ठेवले, ते अजून आमच्याच कपाटात आहेत. लोक दारात येतात, "सिस्टर, आमचा जुना नकाशा आहे का?" विचारतात, सोबत शंकाही विचारतात, आणि माझ्या तोंडून आपोआप निघतं, "आहे. पण." पुढचं मला काही सांगता येत नाही.

जायच्या दिवशी त्यांनी निरोप धाडला, मायला घेऊन या, घर पाहायला. मला वाटलं, पडलेलं घर काय पाहायचं? आम्ही ऑटोने गेलो. तिथे माती साफ केलेली, कवेलू एका बाजूला रचलेले, आणि मोकळ्या जमिनीवर चुन्याने काढलेलं घर. सपरी, खोली, कोपऱ्यात चुलीचा गोल. रेघभाऊ स्वच्छ सदरा घालून सपरीत उभे होते, टपरीवरून आणलेली चहाची किटली पायाशी. "या," म्हणाले. "इतक्या वर्षांत बोलावलं नाई तुमाले."

मी खुर्ची ढकलायला हात लावला, तर आईने माझा हात बाजूला केला. "मी जाते माही माही." तिने चाकं फिरवली, दाराच्या मोकळ्या जागेपाशी आली आणि आत गेली. दोन्ही बाजूंच्या रेघांना चाक लागलं नाही. ती चुलीपाशी जाऊन थांबली. रेघभाऊंनी चूल, पाण्याची घागर, बायकोची निजायची जागा, सगळं दाखवलं. आम्ही चहा प्यायलो. आईचं लक्ष मात्र दाराकडेच होतं.

"भाऊ, जुन्या मातीच्या घराले एवढं मोठं दार होतं?"

रेघभाऊंनी चष्मा काढला आणि पुसायला लागले.

"अडीच फुटाचं होतं माय," म्हणाले. "तुमची खुर्ची आली नसती."